उणे विलंब

ती कसलं काम करते हे तिच्या आत्याला कधीच धड कळलं नाही. "अगं, तू दिवसभर तिथे करतेस तरी काय?" आत्या विचारायची, आणि ती म्हणायची, "दुभाषे सांभाळते." त्यावर आत्या म्हणायची, "मग जरा शेजारणीलाही सांभाळ. तिचं बोलणंही मला कळत नाही."

पण उत्तर खोटं नव्हतं. संगणकाला बाहेरून जोडलेलं प्रत्येक यंत्र आपल्याच भाषेत बोलतं. छपाईयंत्र असो की दवाखान्यातला वजनकाटा, त्याचं म्हणणं संगणकाच्या मूळ सिस्टिमला समजावून सांगायला मध्ये एक छोटा प्रोग्राम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र बनवणारी कंपनी तो एकदा लिहिते आणि यंत्र विकून मोकळी होते. सिस्टिम मात्र सापासारखी दरवर्षी कात टाकते. नवी आवृत्ती आली की जुने संकेत बदलतात, आणि काल गुण्यागोविंदाने चालणारं यंत्र आज मुकं होतं. कंपनी जिवंत असली तर ती नवा ड्रायव्हर देते. बुडाली असली तर यंत्राला कुणी वाली नाही. अशा बेवारस यंत्रांसाठी सिस्टिम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने एक विभाग ठेवला होता. तिथे ती जुना ड्रायव्हर आणि नवी सिस्टिम यांच्यामध्ये चपखल बसेल असा एक तुकडा लिहायची. या तुकड्याला विभागात सांधा म्हणत, म्हणून तिला सगळे सांधेवाली म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं.

विभाग तळघरात होता. खिडकी नाही, उन्हाळा-हिवाळा सारखीच थंडी, आणि भिंतीभर लोखंडी घडवंच्या. त्यांवर शेकडो यंत्रं, प्रत्येकाच्या शेपटीला चिठ्ठी. तापलेल्या प्लॅस्टिकचा आणि धुळीचा वास कपड्यांना असा चिकटायचा की आत्या दारातूनच ओळखायची, "आली माझी भंगारवाली."

त्या वर्षीची नवी आवृत्ती वेगासाठी गाजवायची असं वरून ठरलं होतं. विभागप्रमुख दोन जिने एका दमात चढणारा माणूस. चहा गार व्हायची वाट न बघता तोंड भाजून घेणारा. त्याला पाठीमागे सगळे घाईसाहेब म्हणत. त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं, "सिस्टिममध्ये जिथे जिथे उगाच वाट बघणं चाललंय, ते सगळं छाटलंय. दर आठवड्याला आणखी छाटणार आहेत. तुमची म्हातारी यंत्रं मागे पडता कामा नयेत."

आणि मग कानोशाची पाळी आली.

कानोसा म्हणजे पेलाभर उंचीची एक राखाडी डबी. ती आजाऱ्याच्या किंवा तान्ह्या बाळाच्या उशाशी ठेवायची. तिथली खुसपूससुद्धा दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर ऐकू येते. तिकडून आपण बोललो की डबीतून ते आजाऱ्याला ऐकू जातं. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती, पण डबी इतकी चांगली ऐकायची की लोकांनी ती सोडली नव्हती. सांधेवालीच्या घरीसुद्धा एक होती. आत्या न्हाणीघरात पडली, कंबर धरली, आणि तिचं जग एका पलंगाएवढं झालं, तेव्हापासून कानोसा तिच्या उशाजवळच्या फळीवर होता. बसवताना सांधेवालीने त्याला आपला आवाजही ओळखायला शिकवला होता.

चाचणी साधी होती. डबीसमोर एक छोटी हातोडी लाकडावर टक करते, आणि ती टक संगणकावर किती उशिरा पोचली ते मोजायचं. कानोसा या बाबतीत जरा मंद म्हणूनच प्रसिद्ध होता. त्या सकाळी मात्र पडद्यावर विलंबाच्या आकड्याआधी एक आडवी रेघ उमटली. उणे.

"घड्याळ चुकतंय," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. हा दाढीवाला गृहस्थ प्रत्येक गोष्टीचं खापर घड्याळावर फोडायचा. "नाहीतर याचा अर्थ काय? टक व्हायच्या आधीच ऐकू आली?"

"घड्याळच असेल," ती म्हणाली. तिने घड्याळ बदललं, संगणक बदलला, हातोडीही बदलली. रेघ काही जाईना.

विभागातले सगळेच नवी आवृत्ती घरच्या संगणकावर घालून बघत. तिनेही घातली. आठवड्यातले काही दिवस ती घरूनच काम करायची, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. आत्याची खोली वऱ्हांड्याच्या पार टोकाला होती.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा तिचं लक्षही गेलं नाही. संगणकातून आत्याचा खोकला आला. ती पाणी घेऊन गेली, तर आत्या निवांत शब्दकोडं सोडवत बसलेली. "काय गं?" आत्या म्हणाली, आणि पुढचा शब्द बोलायच्या आत तिला ठसका लागला. सांधेवालीने पेला पुढे केला. आत्या पाणी प्यायली, डोळे पुसले आणि खूश होऊन म्हणाली, "मनकवडी झालीस की!"

सांधेवालीचे हात मात्र गार पडले. ती खोलीत परत आली आणि संगणकाचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघू लागली.

दुसऱ्या आठवड्यात आणखी छाटलेली आवृत्ती आली. आता संगणकातून चमचा पडल्याचा आवाज यायचा, आणि ती वऱ्हांडा ओलांडून पोचून, उशी सारखी करून, दोन शब्द बोलून झाल्यावर चमचा पडायचा. एकदा तिने तो हवेतच झेलला. आत्या टाळ्या वाजवत म्हणाली, "सर्कशीत जा!" तिसऱ्या आठवड्यात चहाचं आधण ठेवताना ऐकलेलं शेजारणीच्या कुत्र्याचं भुंकणं कपबशा विसळून झाल्यावर खरोखर झालं.

खरं सांगायचं तर तिला त्याची सवय लागली. भीती होतीच, पण आत्याला पडून राहिल्याचा जो त्रास होता तो निम्मा झाला होता. हाक मारायच्या आधीच कुणीतरी येतं, याचं सुख त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. आईवडील गेल्यावर याच बाईने तिला वाढवलं होतं, आणि वाढवताना हाका मारायचं काम नेहमी सांधेवालीनेच केलं होतं.

पण चौथी आवृत्ती यायच्या आधी तिने एक काम केलं. कानोशाचा ड्रायव्हर कुणी लिहिला ते शोधून काढलं. या धंद्यात जुनी माणसं एकमेकांना धरून असतात. दोन-चार फोन केल्यावर पत्ता लागला. फोनवर तो माणूस एवढंच म्हणाला, "इकडे या. हे फोनवर बोलायचं नाही."

तो शहराबाहेर, एका तळ्याच्या काठी राहत होता. सत्तरी उलटलेला, उंच, काटकुळा. त्याच्या घरात प्रत्येक खोलीत रेडिओ चालू होता, वेगवेगळ्या स्टेशनांवर. स्वयंपाकघरात बातम्या, माडीवर गाणी, आणि दिवाणखान्यात कुणीतरी शेतीवर बोलत होतं. घरात शांत कोपरा नव्हता.

"थांबा काढला का तुमच्या लोकांनी?" त्याने दारातच विचारलं.

"कसला थांबा?"

"आत या."

तिला बसवून त्याने सांगितलं. डबीतला माइक त्याच्या भागीदाराने बनवला होता. कल्पक माणूस, पण आपण काय बनवलं हे त्यालाही पुरतं कळलं नव्हतं. "पहिल्याच दिवशी आम्ही दोघं ऐकत बसलो होतो. दार आपटल्याचा आवाज आला. बघतो तर दार उघडंच. आम्ही तारा तपासायला लागलो. आणि मग वारा आला, आणि दार आपटलं."

"आणि तरी तुम्ही ते विकलं?"

"अहो, तान्ह्या मुलाचा श्वास पकडणारी दुसरी वस्तू तेव्हा बाजारात नव्हती!" म्हातारा कळवळून म्हणाला. "म्हणून मी ड्रायव्हरमध्ये थांबा घातला. आवाज आला की त्याला दाराबाहेर बसवून ठेवायचं, आणि त्याची वेळ झाली की आत सोडायचं. लोकांना वाटायचं, यंत्र जरा मंद आहे. वाटू दे. पण तो थांबा मी सिस्टिमकडून मागून घेतला होता. आता तुमची सिस्टिमच म्हणते की वाट बघणं म्हणजे वेळेची नासाडी."

"दर आठवड्याला अंतर वाढतंय," ती म्हणाली. "किती पुढचं ऐकू येतं?"

"मी कधी बघितलं नाही. माझ्या भागीदाराने बघितलं." म्हाताऱ्याने उठून रेडिओचा आवाज थोडा वाढवला. "एके दिवशी थांबा पूर्ण काढून तो त्याच्या घरी ऐकत बसला. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा असा... मी म्हटलं, काय ऐकलंस? तर म्हणाला, काहीच नाही. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, अरे, तेच सांगतोय. काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते घर सोडलं, मग कंपनी सोडली. कुठे गेला ते मला माहीत नाही."

निघताना तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. मागे तळं लख्ख चमकत होतं. "थांबा परत घाला," तो म्हणाला. "आणि घालेपर्यंत ऐकू नका."

परत आल्यावर ती सांधा लिहायला बसली. जुन्या ड्रायव्हरचा थांबा नवी सिस्टिम मानत नव्हती, तर तो सांध्यातच बांधायचा. पण तो नेमका केवढा हवा हे कळायला आवाज आणि घटना यांच्यातलं अंतर मोजायला हवं, आणि मोजायचं तर ऐकायला हवं. निदान तिने स्वतःची समजूत तशी घातली. चौथ्या आवृत्तीत ते अंतर सकाळपासून दुपारच्या चहापर्यंत गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी आत्याची अंघोळ, औषधं आटोपून ती कामाला बसली. संगणकातून वऱ्हांड्यातल्या पंख्याची घरघर येत होती. मध्येच आत्याचा आवाज आला. झोपेतून नुकती जागी झाल्यासारखा, मऊ.

"ये गं. बस अशी जवळ."

मग काही क्षण नुसता पंखा.

"मला वाटलंच होतं, तू येशील."

पुन्हा पंखा. कुणीतरी बोलत असावं आणि आत्या ऐकत असावी, एवढा वेळ. पण त्या दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. 

"हात किती गार गं तुझा! तिथे फार गार असतं का?"

सांधेवालीने टेबलाची कड घट्ट धरली.

आत्या हसली. इतकी मोकळी ती पडल्यापासून हसली नव्हती. "किती हसलो होतो आपण तिघी त्या दिवशी!" मग बराच वेळ काही नाही. आणि मग अगदी शांतपणे, "मग कधी निघायचं? मी तयारच आहे."

त्यानंतर आत्याचा श्वास ऐकू येत राहिला. आत, बाहेर. आत, बाहेर. आणि मग तो ऐकू येईनासा झाला. पंखाही नाही. काहीच नाही.

ती धावत सुटली. वऱ्हांड्यात पाय घसरला, भिंतीला धरून सावरली. आत्या पलंगावर बसून कोड्यातला एक शब्द खोडत होती. "आता काय पडणार आहे माझ्या हातून?" तिने चष्म्यावरून बघत विचारलं. "आधीच सांग, मी घट्ट धरते."

सांधेवालीने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या पलीकडच्या गल्लीतच राहत. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला, पायांवरची सूज दाबून पाहिली. "माझ्यापेक्षा बरी नाडी आहे यांची," त्या म्हणाल्या. आत्या म्हणाली, "मग तुम्हीच पडा जरा इथे, मी दवाखाना बघते." डॉक्टरीणबाई हसत निघाल्या. दारात त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला झोप लागते ना नीट?"

काय सांगणार? एक बाई येणार आहे म्हणून? जिचा आवाज ऐकू येत नाही, जिचा हात गार आहे, जी आत्याला कुठेतरी घेऊन जाणार आहे? आणि ती कोण, हेही तिला कळून चुकलं होतं. 'आपण तिघी' म्हणजे आत्या, ती स्वतः आणि तिची आई. नणंद-भावजयीचं दूधसाखरेसारखं जमायचं. आई गेली तेव्हा ती लहान होती. आईचा आवाज तिला आठवतही नव्हता, आणि आता वाटलं, म्हणूनच तो ऐकू आला नसेल.

जेवणं झाली. आत्याला डुलकी लागली. खोलीत पलंगाजवळ एक खुर्ची होती आणि खिडकीपाशी दुसरी. सांधेवाली दारात उभी राहून त्या पलंगाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. आधी तिला वाटलं, आपण आत जाऊच नये, मग ते काहीच घडणार नाही. आणि मग दुसरा विचार आला. आपण बसलो नाही, तर त्या खुर्चीत कोण बसेल?

तिने ती खुर्ची उचलून वऱ्हांड्यात नेऊन ठेवली. स्वतः खिडकीपाशी बसली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. ऊन फरशीवरून हळूहळू सरकत पलंगाच्या पायाशी आलं. तिचे हात भीतीने बर्फ झाले होते. एकदोनदा तिला वाटलं, आपल्या मागे कुणी उभं आहे. वळून बघायचं धाडस झालं नाही.

आत्याने डोळे उघडले. खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "ये गं. बस अशी जवळ."

सांधेवालीने मागे वळून बघितलं. मागे फक्त पडदा होता.

आत्या तिलाच हाताने खुणावत होती.

ती उठली, आणि पलंगाच्या कडेवर बसली. "झोप झाली? म्हटलं, बसावं जरा तुझ्याजवळ."

"मला वाटलंच होतं, तू येशील."

आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कानोसा तिचा आवाज ऐकतच नव्हता! ऐकणाऱ्याचा आवाज डबीने गाळायचा, नाहीतर त्याचंच बोलणं त्याला घुमून परत ऐकू येतं. ते तिने स्वतः, आपल्या हाताने, याच डबीला शिकवलं होतं. त्या रिकाम्या जागा तिच्याच होत्या. आई नव्हती, दुसरी कुणीच नव्हती. तिला रडावंसं वाटलं, हसावंसंही वाटलं.

पण शेवटची शांतता? ती काही बोलण्यातली रिकामी जागा नव्हती. तिथे श्वास होता आणि मग नव्हता.

आत्याने तिचा हात हातात घेतला. "हात किती गार गं तुझा! तिथे फार गार असतं का?"

"तळघरात ना? हो. स्वेटर घालून बसावं लागतं."

यापुढे गप्प बसायचं, असं तिने ठरवलं. आपण बोललो नाही तर आत्या ते शेवटचं वाक्य कशाला बोलेल? पण आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ती शांतता तिला सहन होईना. काहीतरी साधं, निरुपद्रवी बोलावं म्हणून ती म्हणाली, "गारठ्यावरून आठवलं. एकदा आईची शाल वाऱ्याने उडाली आणि त्या लठ्ठ पोलिसाच्या डोक्यावर बसली होती. आणि तो स्वतःभोवती गिरक्या घेत होता."

आत्या हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "किती हसलो होतो आपण तिघी त्या दिवशी!"

एक वाक्य उरलं होतं. सांधेवालीने ओठ घट्ट मिटले. निघण्याचं, जाण्याचं, प्रवासाचं काही म्हणजे काहीच बोलायचं नाही. आत्याने डोळे पुसले. आणखी सांग, अशी तिने मानेने खूण केली.

निव्वळ कामाचं म्हणून ती म्हणाली, "परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना भेटले."

आत्याने भुवया उंचावल्या.

"मोठं घर. सगळीकडे रेडिओ. मागे तळं होतं..."

शब्द तोंडातून सुटला आणि तिला कळलं. आत्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. वर्षभर तिने छताखेरीज काही बघितलं नव्हतं.

"मग कधी निघायचं?" आत्या शांतपणे म्हणाली. "मी तयारच आहे."

त्या वाक्यानंतर काय आहे हे त्या खोलीत एकीलाच ठाऊक होतं. आत्याचा श्वास चालू होता. आत, बाहेर. आत, बाहेर. फळीवर कानोशाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. एखादं जनावर कान टवकारून बसावं तसा तो सगळं ऐकत होता. तिला ते असह्य झालं. ती उठली, डबीची वायर मुठीत धरली आणि हिसका देऊन उपटली.

दिवा विझला. ती तशीच वायर धरून आत्याकडे बघत उभी राहिली. आत्याची छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली.

"अगं, काय झालं तरी काय?" आत्या म्हणाली. "तळ्यावर नसेल न्यायचं तर नको नेऊस, पण त्या बिचाऱ्या डबीवर कशाला राग?"

वायर उपटली की जुना ड्रायव्हर तक्रार करत नाही. तो नुसती शांतता पाठवत राहतो. बेवारस यंत्रांची ही खोड विभागात आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि तीच सांगायची. सकाळी जी शांतता ऐकून ती वऱ्हांड्यातून धावली होती, ती तिनेच केली होती. आणि ती केली कशामुळे, तर ती ऐकली होती म्हणून. यातलं आधी काय आणि नंतर काय, हे तिला त्या दिवशी सांगता आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही. वायर उपटली नसती तर त्या डबीने काय ऐकलं असतं, हा प्रश्न तिने स्वतःला एकदाच विचारला. मग त्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने सांधा पुरा केला आणि घाईसाहेबांपुढे ठेवला. त्याने वाचला आणि कपाळाला हात लावला. "वेग कमी करणारा सांधा? अहो, अख्खी आवृत्ती आपण वेगासाठी काढतोय! जगभर डंका पिटलाय! आणि तुम्ही मुद्दाम वाट बघायला लावताय?"

"चला माझ्याबरोबर," ती म्हणाली.

खाली तळघरात तिने त्याला चाचणीच्या बंद खोलीबाहेर बसवलं आणि त्याच्या कानांना हेडफोन लावले. काचेपलीकडे टेबलावर कानोसा होता, खोलीत चिटपाखरू नव्हतं. हा कानोसा कुणाचाच आवाज गाळायला शिकलेला नव्हता. या संगणकावर पहिली आवृत्ती होती, जिचं अंतर थोडंच होतं. तिने काचेची खोली उघडली आणि म्हणाली, "आत जाऊन बसा. हवं ते बोला. आधी मात्र जरा ऐका."

घाईसाहेबाने ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विरघळत गेलं. "हा माझा आवाज आहे," तो म्हणाला. "'ठीक आहे, घाला तुमचा थांबा.' असं मी कधी बोललो? कुणी रेकॉर्ड केलं हे?"

"कुणीच नाही."

"मी असं बोललेलो नाही. आणि बोलणारही नाही!" तो ताडकन उठला, तावातावाने आत त्या खोलीत गेला, डबी उचलली, उलटी केली, खालचं झाकण बघितलं, तारेच्या टोकापर्यंत गेला. तिथे काही नव्हतं. घाईत जन्म गेलेला तो माणूस मग मटकन खुर्चीत बसला. दाढीवाला सहकारी काचेजवळ येऊन उभा राहिला होता. त्यालाही घड्याळाचं नाव घ्यायचं सुचलं नाही.

घाईसाहेबाने घसा खाकरला. "ठीक आहे," तो म्हणाला. "घाला तुमचा थांबा." आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्याने डबी अशी खाली ठेवली की जणू चटका बसला.

आवृत्ती बाहेर पडली. कानोसावाल्या लोकांनी तक्रारी केल्या की सगळं जग वेगवान झालं, आमची डबी मात्र अजून मंदच. विभागाने उत्तर दिलं की जुन्या यंत्राची ती मर्यादा आहे. पुढच्या वर्षी सिस्टिमने पुन्हा कात टाकली, आणि तिला थांबा पुन्हा बसवावा लागला, थोडा मोठा करून. त्याच्या पुढच्या वर्षीही. ती दर वेळी तो डोळ्यांनी तपासायची. पडद्यावर आकड्याआधीची रेघ गेली की झालं. थांबा बसल्याशिवाय तिने पुन्हा कधी ऐकलं नाही.

तळ्यावर ती आत्याला घेऊन गेली. चाकांच्या खुर्चीतून, हिवाळा सरता सरता. आत्याने दारातून आत शिरताच म्हाताऱ्याला सगळे रेडिओ बंद करायला लावले. तो आधी घाबरला, मग एकेक करत त्याने ते बंद केले, आणि दोघं पाण्याकडे तोंड करून बसून भांडत राहिली. कशावरून, ते सांधेवालीला लांबून नीट कळलं नाही.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं होती. गेली ती एका साध्या सकाळी. सांधेवाली तेव्हा दूध तापवत होती. संगणकातून एक खोल उसासा ऐकू आला, आणि तो झाला तेव्हाच ऐकू आला, एक क्षणही आधी नाही. तिने आच बंद केली. वऱ्हांडा ओलांडून ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. ती आत्याचा हात धरून बसून राहिली. तो अजून ऊबदार होता.

दुधावर साय धरून ते गार झालं, तेव्हा कुठे ती उठली आणि तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला.